दूषित औद्योगिक जमिनीच्या शुद्धीकरणासाठी सार्वजनिक निधी कसा मिळवावा

बंद पडलेल्या कारखान्याची जागा वर्षानुवर्षे कुंपणाआड पडून राहते, तेव्हा पैसा नाही हे कारण सर्वांत आधी पुढे येते. ते खोटे नसते, पण अपुरे असते. निधीची योजना असूनही अर्ज परत येतात, कारण जमिनीत नेमके काय आहे, ते कोणी टाकले आणि जागा साफ झाल्यावर तिचा काय उपयोग होणार, या तीन प्रश्नांना अर्जदाराकडे कागदावर उत्तर नसते. नगरपालिका, विश्वस्त संस्था, गृहनिर्माण संस्था, किंवा अशी जागा वारशाने अथवा लिलावात हाती आलेला लहान मालक अशा प्रत्येकाला माझे पहिले सांगणे एकच आहे: शुद्धीकरणाचा पैसा मागण्याआधी तपासणीचा पैसा मागा. तपासणीची रक्कम तुलनेने लहान असते आणि ती मिळणेही तुलनेने सोपे असते. पुढच्या मोठ्या रकमेचा सगळा पाया तीच घालते. पुढील पायऱ्या याच क्रमाने मांडल्या आहेत. त्यांतील काही कामे समांतर चालू शकतात, पण तपासणी आणि अंदाजपत्रक यांची अदलाबदल कधीही करू नये.

पायरी १: जबाबदारी कोणाची, हे आधी ठरवा

प्रदूषण करणाऱ्यानेच त्याचा खर्च भरावा, हे तत्त्व आर्थिक सहकार्य आणि विकास संघटनेने १९७२ मध्ये स्वीकारले आणि १९९२ च्या रिओ जाहीरनाम्यातील सोळाव्या तत्त्वात त्याला जागतिक मान्यता मिळाली. सार्वजनिक निधी देणारी यंत्रणा म्हणूनच पहिला प्रश्न विचारते तो हा: ज्याने माती बिघडवली, तो सापडत असताना करदात्याने पैसे का द्यावेत? या प्रश्नाचे समाधानकारक उत्तर नसलेला अर्ज तांत्रिक बाजूने कितीही भक्कम असला तरी छाननीच्या पहिल्या टेबलावरच थांबतो.

उत्तर तयार करण्यासाठी जमिनीच्या मालकीची साखळी लिहून काढावी. पहिला उद्योग कोणी सुरू केला, जागा केव्हा विकली किंवा भाडेपट्ट्याने दिली, कंपनी दुसऱ्या कंपनीत विलीन झाली की अवसायनात गेली, विलीन झाली असल्यास जबाबदारी कोणाकडे गेली आणि त्या काळातील विमा पॉलिसी अस्तित्वात आहेत का, या सर्व नोंदी वर्षांसह एका तक्त्यात याव्यात. बुडालेल्या कंपनीच्या जुन्या विमा पॉलिसीतून काही वेळा वसुली होऊ शकते, म्हणून त्या शोधण्याचा कंटाळा करू नये. साखळीतील एखादा दुवा सापडत नसेल तर तसे स्पष्ट लिहावे आणि कोणत्या दप्तरांत शोध घेतला याची यादी सोबत जोडावी. प्रामाणिकपणे केलेला शोध हाही पुरावाच असतो.

जबाबदार पक्ष सापडला आणि त्याची ऐपत असेल, तर सार्वजनिक निधीचे दार बहुतेक बंद होते आणि वाट वसुलीच्या दाव्याकडे जाते. ही वाट किती लांब असू शकते, हे राजस्थानातील बिछडी गावाच्या प्रकरणातून दिसते. तेथील रासायनिक कारखान्यांनी माती आणि विहिरींची केलेली नासाडी दुरुस्त करण्याचा खर्च कारखान्यांकडूनच घ्यावा, असा निकाल भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये दिला. वसुली मात्र रखडत राहिली आणि २०११ मध्ये न्यायालयाला ३७.३८५ कोटी रुपये चक्रवाढ व्याजासह भरण्याचा आदेश पुन्हा द्यावा लागला. मधल्या १५ वर्षांत त्या विहिरींचे पाणी वापरणाऱ्या कुटुंबांनी काय केले असेल, याचा विचार प्रत्येक अर्जदाराने करावा. म्हणून दावा चालू ठेवावा, पण शुद्धीकरणाचे वेळापत्रक दाव्याच्या निकालाला बांधू नये. अनेक योजनांमध्ये सरकार आधी खर्च करते आणि नंतर जबाबदार पक्षाकडून वसूल करते. आपल्याकडे अशी तरतूद असल्यास अर्जात तिचाच आधार घ्यावा.

जबाबदार कोणीच उरलेला नाही, अशा जागांना अनाथ जागा म्हणतात. सार्वजनिक निधीचा मुख्य हक्कदार हाच वर्ग आहे. भारतात जुलै २०२५ मध्ये अधिसूचित झालेल्या दूषित जागांच्या नियमांनीही आधी प्रदूषकावर जबाबदारी आणि तो नसल्यास सरकारी खर्चाने काम, अशीच मांडणी केली आहे.

एक इशारा येथेच द्यावा लागेल. जागा अजून विकत घेतली नसेल, तर तपासणी होईपर्यंत घेऊ नये. अमेरिकेच्या १९८० च्या कायद्यानुसार दूषित जमिनीचा सध्याचा मालक हा स्वतः थेंबभर रसायन न सांडताही जबाबदार ठरू शकतो. त्यातून सुटका हवी असेल तर खरेदीपूर्वी विहित पद्धतीची चौकशी पूर्ण केलेली असावी लागते. या चौकशीचे अनेक भाग खरेदीच्या आधीच्या १८० दिवसांतील असणे बंधनकारक असते. खरेदीनंतर केलेली हीच चौकशी संरक्षण देत नाही. तुमच्या देशातील कायदा वेगळा असेल, पण व्यवहाराच्या तारखेपूर्वीचा अहवाल तुमच्या बाजूने उभा राहतो, ही गोष्ट सगळीकडे उपयोगी पडते.

पायरी २: कागदांवरची तपासणी

जमिनीला हात लावण्याआधी तिचा इतिहास वाचायचा असतो. कारखान्याचे जुने नकाशे, अग्निशमन दलाकडील साठवण परवाने, इंधनाच्या भूमिगत टाक्यांच्या नोंदी, हवाई छायाचित्रे आणि वीज मंडळाकडील रोहित्रांची यादी यांतून अर्धी गोष्ट समजते. राहिलेली अर्धी तेथे काम केलेल्या माणसांना माहीत असते. निवृत्त कामगाराला नकाशा समोर ठेवून एकच प्रश्न विचारावा: सांडपाणी आणि वाया गेलेला माल तुम्ही कुठे टाकत होता? या प्रश्नाच्या उत्तराने वाचलेला खर्च मोठा असतो, कारण पुढे नमुने कुठे घ्यायचे हे त्यावरून ठरते.

उद्योगाच्या प्रकारावरून काय शोधायचे याचा अंदाज बांधता येतो. चामडे कमावण्याच्या आणि विद्युत-मुलाम्याच्या जागी क्रोमियम, कपड्यांच्या कोरड्या धुलाईच्या आणि धातू स्वच्छ करण्याच्या जागी क्लोरीनयुक्त द्रावके, जुन्या रोहित्रांखाली पीसीबी (त्यांच्या तेलातील विषारी क्लोरीनयुक्त रसायने), लाकूड टिकवण्याच्या कारखान्यात क्रिओसोट (डांबरापासून काढलेले तेल) आणि आर्सेनिक, तर कोळशापासून वायू बनवणाऱ्या जुन्या कारखान्यात डांबर, बेन्झिन आणि सायनाइडची संयुगे सापडण्याची शक्यता असते. अशा वायू कारखान्याच्या मातीत कधी कधी गडद निळ्या रंगाचे पट्टे दिसतात. वायू शुद्ध करताना वापरलेल्या लोह ऑक्साइडमध्ये साठलेल्या फेरोसायनाइडचा तो रंग असतो. खोदकामात तो दिसला तर हाताने स्पर्श न करता फोटो, खोली आणि जागा नोंदवून ठेवावी.

या टप्प्याच्या शेवटी प्राथमिक अहवाल तयार होतो. तो वाचनीय असावा, कारण निधी देणारा अधिकारी बहुधा रसायनतज्ज्ञ नसतो.

पायरी ३: मातीची आणि भूजलाची तपासणी

येथे बोअर (माती तपासण्यासाठी पाडलेली खोल छिद्रे) घेतले जातात, निरीक्षण विहिरी बसवल्या जातात, नमुने मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत जातात, आणि येथेच बहुतेक संस्था काटकसर करून स्वतःचे नुकसान करून घेतात. एका एकराच्या जागेवर तीन बोअर घेऊन अंदाजपत्रक बनवले, तर खोदकाम सुरू झाल्यावर चौथ्याच ठिकाणी पुरलेली टाकी सापडते आणि मंजूर निधी निम्म्या कामात संपतो. माझ्या मते शुद्धीकरणाच्या प्रकल्पांना लागणारी सर्वांत मोठी गळती हीच आहे.

बोअरची नोंद कशी वाचायची, हे अर्जदाराने स्वतः शिकावे. एक काल्पनिक नोंद घेऊ. ० ते ०.६ मीटर: भराव, विटांचे तुकडे, राख. ०.६ ते १.४ मीटर: काळी चिकण माती, डांबरासारखा तीव्र वास, बोटाला तेलकट. १.४ मीटरवर पाणी लागले, पृष्ठभागावर इंद्रधनुषी तवंग. १.४ ते ३.० मीटर: पिवळसर वाळू, वास कमी होत जातो. ३.० मीटरला बोअर संपला. या पाच वाक्यांत पूर्ण प्रकल्प दडलेला आहे. भराव नंतर आणून टाकलेला आहे, म्हणून मूळ जमिनीची पातळी त्याखाली आहे. दूषित थर भूजलाला टेकलेला आहे, म्हणजे फक्त माती उचलून भागणार नाही. वाळूतून पाणी सहज वाहते, म्हणून प्रदूषण कुंपणापलीकडे गेले असण्याची शक्यता तपासावी लागेल. शिवाय वास कमी झाला म्हणजे दूषितपणा संपला असे धरता येत नाही, कारण बोअर तीन मीटरवरच थांबवला आहे. ट्रायक्लोरोएथिलीनसारखी द्रावके पाण्यापेक्षा जड असतात. ती वाळूतून खाली उतरत जाऊन चिकणमातीच्या थरावर साचतात. अशा द्रव्याचा संशय असताना उथळ बोअर फसवा ठरतो, आणि खोल बोअर चिकणमातीचा थर फोडून प्रदूषण आणखी खाली नेऊ शकतो. हे काम अनुभवी भूजलतज्ज्ञाच्या देखरेखीखालीच करून घ्यावे.

सगळ्या निष्कर्षांची जुळणी एका आकृतीत करतात, तिला जागेचे संकल्पनात्मक प्रारूप म्हणतात. तिचे तीन भाग असतात: प्रदूषणाचा उगम, ते जाण्याचा मार्ग आणि ज्याला अपाय होऊ शकतो तो. पुरलेले डांबर हा उगम, वाळूतून वाहणारे भूजल हा मार्ग, आणि पलीकडच्या वस्तीतील विहीर वापरणारी माणसे हा तिसरा भाग. तिन्ही जोडलेले असतील तरच धोका सिद्ध होतो. ब्रिटनमध्ये १९९० च्या पर्यावरण संरक्षण कायद्याच्या दूषित जमिनीविषयीच्या भागाचा आधार हीच साखळी आहे. अर्जात ही आकृती एका पानावर, साध्या भाषेत, नावे लिहिलेल्या बाणांसह द्यावी. छाननी करणारा अधिकारी तीच आधी शोधतो.

पायरी ४: निधीचा प्रकार ओळखा

सार्वजनिक निधी हा एकच मोठा रांजण नसतो, आणि चुकीच्या रांजणात हात घातल्याने वर्ष वाया जाते. ढोबळमानाने पाच प्रकार दिसतात.

पहिला तपासणी अनुदानाचा. अमेरिकेत २००२ च्या कायद्यानंतर पडीक औद्योगिक जागांसाठी तपासणी, शुद्धीकरण, फिरते कर्ज आणि रोजगार प्रशिक्षण अशी वेगवेगळी अनुदाने दिली जातात. शुद्धीकरणाच्या अनुदानासाठी अर्जदाराकडे जागेची मालकी असावी लागते, तपासणीसाठी तशी अट नाही. म्हणूनच मालकी मिळण्याआधी तपासणीचे अनुदान घेणे तेथे रूढ झाले आहे. २०१८ च्या दुरुस्तीने अनुदानाच्या ५ टक्क्यांपर्यंत रक्कम प्रशासकीय खर्चासाठी वापरण्याची मुभा दिली. लहान संस्थांना हिशेब ठेवण्यासाठी माणूस नेमता येत नव्हता, त्यांची ती खरी अडचण होती.

दुसरा प्रकार अतिधोकादायक जागांचा शेवटचा उपाय म्हणून ठेवलेला निधी. अमेरिकेच्या नायगरा फॉल्स शहरातील लव्ह कॅनाल वसाहत रासायनिक कचऱ्याच्या खड्ड्यावर उभी होती. तेथे १९७८ मध्ये आणीबाणी जाहीर झाली आणि त्यातून १९८० मध्ये सुपरफंड कायदा आला. या निधीत जागा घेण्यासाठी तिला धोका मापन पद्धतीत किमान २८.५ गुण मिळावे लागतात. काम निधीतून झाले, तरी उपाययोजनेच्या खर्चातील १० टक्के वाटा राज्याला द्यावा लागतो. या निधीच्या इतिहासातून एक धडा घ्यावा. तेल आणि रसायन उद्योगांवरील ज्या करांतून तो भरत होता, ते १९९५ मध्ये संपले आणि पुढची अनेक वर्षे निधीचा भार सर्वसाधारण महसुलावर आला. रसायनांवरील कर पुन्हा लागू झाला तो जुलै २०२२ पासून. योजना आज आहे म्हणून ती पाच वर्षांनीही राहीलच असे धरून चालू नये.

तिसरा फिरत्या कर्जाचा. कमी व्याजाचे हे कर्ज जागा विकल्यावर किंवा विकसित झाल्यावर फेडायचे असते आणि फेडलेला पैसा पुढच्या जागेला जातो. ज्या जागेची किंमत शुद्धीकरणानंतर बरीच वाढणार आहे, तिच्यासाठी अनुदानापेक्षा हेच योग्य असते.

चौथा करसवलतीचा. ब्रिटनमध्ये २००१ पासून, दूषित अवस्थेत जमीन घेणाऱ्या कंपनीला शुद्धीकरणाच्या पात्र खर्चाच्या १५० टक्के वजावट करपात्र नफ्यातून मिळते. मात्र प्रदूषण त्या कंपनीनेच केले असेल तर सवलत नाही, आणि अनुदानातून भरलेल्या खर्चावरही नाही. एकाच खर्चावर दोनदा लाभ घेता येत नाही, हा नियम जवळजवळ सर्वत्र आढळतो. तो मोडल्यास पैसे परत करावे लागतात.

पाचवा प्रादेशिक पुनर्विकासाचा निधी. युरोपीय संघाच्या २०२१ ते २०२७ या काळातील न्याय्य संक्रमण निधीतून कोळसा आणि जड उद्योग सोडणाऱ्या प्रदेशांतील जमिनींचे शुद्धीकरण करता येते, पण प्रदूषण करणाऱ्याने भरावे या तत्त्वाचा विचार करूनच. सरकारने उद्योगांना द्यायच्या मदतीविषयीच्या युरोपीय नियमांत पात्र खर्च ठरवताना शुद्धीकरणामुळे वाढलेल्या जमिनीच्या किमतीची वजावट होते. आपल्या देशात असा नियम नसला तरी अर्जात ही वजावट स्वतःहून दाखवावी. सार्वजनिक पैशाने मालकाची तिजोरी भरत नाही, हे दाखवण्याचा याहून सरळ मार्ग नाही.

पायरी ५: जमिनीचा पुढचा उपयोग आणि स्वच्छतेची पातळी

किती साफ करायचे हे उपयोगावरून ठरते. नेदरलँड्समध्ये लेकरकेर्क गावाजवळील नव्या वसाहतीखाली १९८० मध्ये रासायनिक कचरा सापडला, सुमारे ३०० कुटुंबांना घरे सोडावी लागली, आणि त्यानंतर १९८३ मध्ये देशाने मृदा शुद्धीकरणाचा अंतरिम कायदा केला. सुरुवातीचे धोरण असे होते की माती कोणत्याही उपयोगाला चालेल इतकी स्वच्छ करायची. उद्देश उदात्त होता, पण खर्च इतका वाढला की कामे रखडली आणि १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात उपयोगानुसार पातळी ठरवण्याचे धोरण आले. थोड्या जागा निष्कलंक करून बाकीच्या तशाच सोडण्यापेक्षा अधिक जागा सुरक्षित करणे मला योग्य वाटते. त्याची एक अट आहे: उपयोग बदलला की पातळीही पुन्हा तपासली गेली पाहिजे.

जर्मनीतील ड्युइसबर्ग येथील लोखंडाचा कारखाना १९८५ मध्ये बंद झाला आणि १९९४ मध्ये त्याच्या जागी उद्यान खुले झाले. तेथील सर्वाधिक विषारी माल जुन्या भक्कम बंकरांमध्ये बंद करून वर बागा केल्या गेल्या, कमी दूषित भाग वनस्पतींच्या हवाली केला गेला. घरे बांधायची असती तर हा मार्ग चालला नसता.

उपायांची तुलना अर्जात असावीच. खोदून सुरक्षित भूभरणात (घातक कचरा पुरण्याच्या बांधीव जागेत) नेणे, जागीच सिमेंट मिसळून घट्ट करणे, वर अभेद्य आच्छादन टाकणे, मातीतील वाफा पंपाने खेचणे, जिवाणूंकडून तेल पचवून घेणे, फेरस सल्फेटने षट्संयुजी क्रोमियमचे कमी विषारी त्रिसंयुजी रूप करणे असे अनेक पर्याय असतात. किमान तीन पर्याय घ्यावेत, त्यांत काहीच न करण्याचा पर्यायही असावा आणि प्रत्येकाचा खर्च, कालावधी, उरणारा धोका आणि शेजाऱ्यांना होणारा त्रास लिहावा. सर्वांत स्वस्त पर्याय निवडला नसेल तर कारण द्यावे.

मानके बदलतात, हेही लक्षात ठेवावे. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने निवासी जमिनीतील शिशाची प्राथमिक छाननी पातळी जानेवारी २०२४ मध्ये दशलक्ष भागांत ४०० वरून २०० वर आणली. मान्यतेनंतर मानक बदलल्यास काय करायचे, याची तरतूद करारात आधीच मागून घ्यावी.

पायरी ६: अंदाजपत्रक

खोदकामाचा हिशेब स्वतः करून पाहावा. समजा दूषित भाग ४० मीटर लांब, २५ मीटर रुंद आणि १.५ मीटर खोल आहे. घनफळ १,५०० घनमीटर होते. मातीची घनता घनमीटरला १.८ टन धरली तर वजन २,७०० टन, आणि १५ टनांच्या ट्रकच्या १८० फेऱ्या. आता खोली फक्त अर्ध्या मीटरने चुकली आणि २ मीटर निघाली, तर घनफळ २,००० घनमीटर, वजन ३,६०० टन आणि फेऱ्या २४०. अर्ध्या मीटरच्या चुकीने वाहतूक आणि विल्हेवाट यांचा खर्च एक तृतीयांशाने वाढला. दोन बोअरमधील अंतर जास्त असेल तर ही चूक सहज होते. त्यामुळे आकस्मिक खर्चाची टक्केवारी सवयीने न लिहिता, कोणत्या बोअरमधील अनिश्चिततेमुळे ती धरली आहे हे सांगावे. कारण दिलेली मोठी टक्केवारी मंजूर होते, कारण नसलेली लहान टक्केवारीही कापली जाते.

अंदाजपत्रकात हमखास राहून जाणाऱ्या बाबी अशा: खड्ड्यातील दूषित पाणी उपसून शुद्ध करणे, खड्डा भरण्यासाठी आणलेल्या नव्या मातीची चाचणी, धूळ आणि वासाचे मोजमाप, कामगारांची संरक्षक साधने आणि आरोग्य तपासणी, ट्रकची चाके धुण्याची व्यवस्था, काम संपल्यावरचे पडताळणी नमुने आणि पुढील काही वर्षांचे भूजल निरीक्षण. दुसरीकडे दंड, दाव्यांचा खर्च आणि इमारत बांधणीचा खर्च बहुतेक योजनांत अपात्र असतो. तो वेगळ्या तक्त्यात दाखवून त्याची सोय कुठून केली आहे ते लिहावे.

पायरी ७: लोकांशी बोलणे आणि अर्ज लिहिणे

जनसुनावणी ही अर्जाच्या शेवटी उरकायची औपचारिकता मानली तर तिचा उपयोग होत नाही. जागेच्या कडेला राहणाऱ्यांना ट्रक कोणत्या रस्त्याने जाणार, काम किती महिने चालणार, मुलांनी कुठे खेळू नये आणि विहिरीचे पाणी प्यावे की नाही, हे आधी समजले पाहिजे. तपासणीचे निष्कर्ष त्यांना त्यांच्या भाषेत, आकड्यांसह सांगावेत. लपवलेला आकडा नंतर बाहेर आला की सगळे काम थांबते, आणि तसे थांबणे योग्यही असते. सभेत आलेले प्रश्न आणि त्यांवरून आराखड्यात केलेले बदल अर्जाला जोडावेत. बदल झालाच नसेल, तर सभा खरोखर ऐकण्यासाठी घेतली होती का, याचा अर्जदाराने आधी स्वतःशी विचार करावा.

अर्ज लिहिताना योजनेचे गुणांकन समोर ठेवून प्रत्येक निकषाला त्याच क्रमाने आणि त्याच शब्दांत उत्तर द्यावे. आरोग्यावरील धोका, भूजलाचे रक्षण, रोजगार, परवडणारी घरे, खासगी गुंतवणूक असे निकष सहसा असतात. येथे दावा फुगवू नये. जमिनीत शिसे आढळले म्हणून परिसरातील प्रत्येक आजार त्याच्यामुळे झाला असे लिहिलेला अर्ज विश्वास गमावतो, आणि त्या विश्वासाची गरज खरोखर धोक्यात असलेल्या कुटुंबांनाच सर्वांत जास्त असते.

पायरी ८: मंजुरीनंतर

मंजुरीपत्र आले म्हणजे पैसे आले असे नाही. बहुतेक योजना आधी खर्च करायला लावतात आणि बिले तपासून परतावा देतात. परतावा येईपर्यंतच्या महिन्यांसाठी रोख रक्कम नसेल तर ठेकेदार काम थांबवतो आणि उघडा खड्डा पावसात भरतो. म्हणून आगाऊ हप्त्याची तरतूद आहे का, हे करारावर सही करण्यापूर्वी विचारावे, नसल्यास बँकेकडून अल्पमुदतीची सोय करून ठेवावी. मंजुरीच्या तारखेपूर्वी केलेला खर्च बहुधा मान्य होत नाही. काम सुरू करण्याची घाई येथेच महागात पडते.

निविदा काढताना तपासणी करणारा सल्लागार आणि शुद्धीकरण करणारा ठेकेदार वेगळे ठेवावेत. जितकी माती निघेल तितके ज्याचे बिल वाढते, त्यानेच माती दूषित आहे की नाही हे ठरवू नये. दर हे टनावर आणि मोजून ठरवावेत, आणि प्रत्येक ट्रकची पावती त्या ट्रकच्या वजनकाट्याच्या चिठ्ठीशी आणि भूभरणाच्या पोचपावतीशी जुळवावी. तीन कागदांपैकी एक नसेल तर त्या फेरीचे पैसे देऊ नयेत. लेखापरीक्षणात तर हे विचारले जातेच. पण याहून महत्त्वाचे म्हणजे, पोचपावती नसलेली माती कुठल्या तरी ओढ्याच्या काठी ओतली गेली असण्याची शक्यता असते, आणि मग आपण प्रदूषण साफ केलेले नसते, फक्त दुसऱ्या गावाला नेलेले असते.

खोदकाम संपल्यावर खड्ड्याच्या तळातून आणि चारही बाजूंतून पडताळणी नमुने घ्यावेत. ते स्वच्छ आल्याशिवाय खड्डा भरू नये, ठेकेदाराचे यंत्र भाड्यावर उभे असले तरीही.

पायरी ९: काम संपल्यावर कोण पाहणार

सार्वजनिक निधीच्या रचनेतील सर्वांत कमकुवत दुवा हा आहे. खोदण्यासाठी पैसे मिळतात, पुढची वीस वर्षे विहिरी तपासण्यासाठी मिळत नाहीत. सुपरफंडच्या जागांवर निर्बंध नसलेल्या उपयोगाला परवानगी नसेल इतके प्रदूषण मागे राहिले, तर दर पाच वर्षांनी उपाय अजून संरक्षण देतो का याचा आढावा घेणे कायद्याने बंधनकारक आहे, आणि निधीतून झालेल्या कामांच्या पुढील देखभालीचा भार राज्यावर जातो. इतर योजनांत अशी स्पष्टता नसेल, तर अर्जदाराने ती स्वतः तयार करावी. शुद्धीकरणानंतर जागा विकून किंवा भाड्याने देऊन येणाऱ्या रकमेतील ठरावीक भाग निरीक्षणासाठी वेगळ्या खात्यात ठेवण्याचा ठराव मंजुरीपूर्वीच करून अर्जाला जोडावा.

आच्छादनाखाली काही सोडले असेल, तर त्याचा नकाशा, खोली आणि खोदकामास असलेली बंदी जमिनीच्या मालकी नोंदीत चढवून घ्यावी. फाइलमधील अहवाल दहा वर्षांत हरवतो, पण खरेदी-विक्रीच्या वेळी काढला जाणारा उतारा कोणीतरी वाचतोच. त्याच नोंदीत निरीक्षण विहिरींच्या जागा अक्षांश-रेखांशांसह लिहाव्यात, विहिरींच्या झाकणांवर क्रमांक कोरावेत, आणि पुढच्या नमुन्याची तारीख ज्या कार्यालयाने पाळायची आहे त्याच्या प्रमुखाची लेखी स्वीकृती घेतल्यावरच समाप्ती अहवालावर सही करावी.